दुसरा लाल मोजा

लॉख कॅरनचा काठ,
९ नोव्हेंबर

प्रिय मर्डिना,

तू बरी असणारच. तुला साधी शिंक आली तरी डिंगवॉलहून बातमी निघते आणि दोन दिवसांत इथल्या पोस्टातल्या इशबेलकडे पोचते. ती अजून काही बोललेली नाही. मीही बरी आहे. हे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तुला निवांतपणे नाक मुरडत वाचता येईल.

तुझे शब्द मी विसरलेले नाही. आईच्या माघारी तिच्या वाढदिवसाला घातलेल्या जेवणात मी तुझी वरची खोली नाकारून बसमध्येच हिवाळा काढणार म्हणाले, तेव्हा पाद्रीबाबांसमोर, हातात बटाट्यांचं भांडं धरून तू म्हणालीस, "नवं वर्ष उजाडायच्या आत नाक निळं करून माझं दार ठोठावशील." मी म्हणाले, "मेले तरी ठोठावणार नाही." पाद्रीबाबांनी तेवढ्यात मीठ मागितलं, म्हणून बरं.

तर ऐक. बस झकास आहे. बावीस वर्षं मी जिच्यातून पोरं शाळेत पोचवली, ती अशी हिवाळ्यात मला टाकणार नाही. पाठीमागची आसनं काढून पलंग केलाय, भिंतींच्या आत मेंढीची लोकर ठासून भरलीय, खिडक्यांना चंदेरी पत्रे कापून बसवलेत. एकच आसन ठेवलंय. त्याच्या पाठीवर कुणीतरी कंपासच्या टोकाने "डोलिना खडूस" असं कोरलंय. अक्षर त्या मॅकरेच्या धाकट्याचं वाटतं. पाहिलं की घरी आल्यासारखं वाटतं.

पहिल्याच आठवड्यात एक फजिती झाली, तीही सांगते, नाहीतर इशबेल सांगेल. सकाळी उठले तर शेगडी पेटेना. टाकी हलवून पाहिली, भरलेली. पुन्हा काडी, पुन्हा काही नाही. शेवटी टाकी रजईत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. शेजारी टॉर्किल राहतो, सत्तरी उलटलेला, एके काळी फेरीबोटीवर इंजिन सांभाळायचा. गेली नऊ वर्षं हिवाळा त्याच्या व्हॅनमध्ये काढतोय. त्याने खिडकीतून डोकावलं.

"बाळ किती महिन्यांचं?"

"गॅस संपलाय बहुतेक," मी म्हणाले.

"संपला नाही बाई, गारठलाय. निळी टाकी उन्हाळ्याची. थंडीत तीही तुझ्यासारखी रजईत शिरून बसते. हिवाळ्यात लाल टाकी घ्यायची. बावीस वर्षं गाडी चालवलीस ना? की पोरंच चालवत होती?"

आता लाल टाकी आहे. सकाळी ओटची लापशी, दुपारी बार्लीचं सूप, रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी. नाक गुलाबी आहे. निळं नाही.

तू उत्तर लिहिणार नाहीस, मला माहीत आहे. तरी पत्ता वर दिलाय.

तुझी गुलाबी नाकाची बहीण,
डोलिना


लॉख कॅरनचा काठ,
३ डिसेंबर

प्रिय मर्डिना,

पार्सल मिळालं. आत चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. जणू चोरीचा माल. पण टाच पाहिली आणि ओळखलं. टाचेत तो दुहेरी टाका तुझ्याशिवाय कोण घालतं? लोकरही ओळखली. आईचा लाल स्वेटर उसवलास ना? मोजे घालून बराच वेळ नुसती बसून राहिले. फार ऊब आहे त्यांत.

इथे सगळं छान चाललंय. सकाळी काचांवरून वाटीभर पाणी पुसून काढावं लागतं, आपल्याच श्वासाचं. टॉर्किल म्हणतो, "जितकं कमी बोलशील तितकी बस कोरडी राहील." मग बस कोरडी राहायची आशाच नको.

सध्या तो जरा जास्तच लक्ष देतोय. दिवसातून तीनदा येऊन पत्र्यावर टकटक करतो. मी शिवी दिली की समाधानाने निघून जातो. त्याने माझ्या दारात त्याचा जुना बूट अडकवून ठेवलाय, दार नीट बंदच होत नाही, आणि बूट काढला तर ओरडतो. म्हातारपणी माणसं अशीच होतात. त्याचं मनावर घेऊ नकोस.

या शनिवारी आपल्या संघाची मॅच होती. शेवटच्या मिनिटाला जिंकलो म्हणे. मला शेवट ऐकता आला नाही.

काल नव्या वर्षाचा विषय निघाला. टॉर्किल विचारत होता, माझ्या बसच्या उंबऱ्यात वर्षाचं पहिलं पाऊल कोण टाकणार, शुभ म्हणून ते काळ्या केसांचंच हवं ना. त्याला टक्कल, मला हे असे लाल केस. काळे केस या काठावर फक्त त्याच्या कुत्र्याला आहेत. आम्ही खूप हसलो. मग मला आई आठवली. काय धाक होता तिचा! वर्षाचा पहिला पाय लाल केसांच्या बाईचा पडला तर वर्षभर घराला ऊब नाही. म्हणून दर वर्षी आपल्या दोघींना बाहेर काढायची, तुझ्या हातात कोळशाचा तुकडा द्यायची. तू काळ्या केसांची, तुझा मान पहिला. मी पायरीवर कुडकुडत. तू आत जाऊन कोळसा चुलीत टाकायचीस आणि मग दार उघडून म्हणायचीस, "आता ये." तेवढ्यासाठी मी वर्षभर थांबायची.

बाकी ठीक. डोकं थोडं जड आहे, पण उतरतंय. हे लिहिताना एकाच पायात मोजा आहे. दुसरा धुवायला टाकलाय.

तुझी,
डोलिना


लॉख कॅरनचा काठ,
१६ डिसेंबर

प्रिय मर्डिना,

दुसरा मोजा धुवायला टाकलेला नाही. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

इशबेल शनिवारी डिंगवॉलला येणार आहे, आणि तिच्या पोटात काही राहत नाही. तिच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्या हातचं वाच. आधी बसून घे. मी जिवंत आहे, धडधाकट आहे, हे धरून चाल.

त्या मॅचच्या शनिवारी बर्फाळ पाऊस होता. वारा खाडीवरून सरळ बसच्या पोटाखाली घुसत होता. शेगडीजवळ जमिनीला एक जाळी आहे, तिच्यातून गार झोत यायचा आणि थेट माझ्या पायांवर. तिथे काहीतरी कोंबायला हवं होतं. हाताशी तुझा मोजा होता. जाडजूड, घट्ट विणीचा. असा बसला की वारा पार बंद. तुझ्या विणकामात खोट काढायला जागाच नसते.

मग मी शेगडी पेटवली आणि तिच्यावर मातीची कुंडी उपडी ठेवली. इकडे सगळे ठेवतात. कुंडी तापते आणि सबंध बस उबदार होते. तीन वाजता मॅच. रेडिओच्या बॅटऱ्या संपलेल्या. छताला एक डबी आहे, विषारी वायू साठला की कोकलते ती. तिच्यातल्या दोन काढून रेडिओत घातल्या. म्हटलं, नव्वद मिनिटांचा तर प्रश्न आहे.

पहिला अर्धा भाग आठवतो. मग अशी छान झोप यायला लागली, आईच्या शेजारी यायची तशी.

मला वाचवलं ते टॉर्किलने, आणि ते कसं ते ऐकून तू हसशील. रेडिओ मोठ्याने चालू होता, त्याला त्याच्या व्हॅनमध्ये ऐकू येत होता. शेवटच्या मिनिटाला गोल झाला. आणि माझ्याकडून आवाज नाही. तो म्हणाला, "आपला संघ जिंकला आणि ही बाई गप्प? म्हणजे मेलीच." धावत आला, दार उघडलं, माझ्या काखेत हात घालून मला ओढत बाहेर काढलं आणि चिखलात टाकलं. मग शेगडी बंद केली. नंतर जाळीतून मोजा उपसला, माझ्यासमोर धरला आणि इतका ओरडला की कुत्रं व्हॅनखाली जाऊन बसलं.

"जाळी वाऱ्यासाठी असते! श्वासासाठी! भोक दिसलं की बुजवायचं, शाळेत हेच शिकवायचीस का?"

"मी शिकवत नव्हते," मी म्हणाले, "मी फक्त पोचवत होते." मग ओकले.

डॉक्टरीणबाईंनी ती रात्र ठेवून घेतलं आणि सोडलं. म्हणाल्या, अजून अर्धा तास गेला असता तर संपलंच होतं. मोजा काळा पडलाय, खूप धुतला तरी जळका वास जात नाही. आईचा स्वेटर होता तो, आणि मी त्याचं हे केलं.

आता आणखी एक. टॉर्किलने मला बाहेर ओढलं तेव्हा मी काहीतरी पुटपुटत होते. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "मर्डिना कोण?" मी म्हणाले, का? तो म्हणाला, "तू सारखं म्हणत होतीस, मर्डिना, दार उघड, मर्डिना, दार उघड."

हे पैजेत धरायचं नाही. मी शुद्धीत नव्हते.

पण तेव्हापासून मला ते आतल्या आत सलतंय, म्हणून लिहूनच टाकते. ती वरची खोली मी का नाकारली? बूट बाहेर काढा, रेडिओ हळू, साडेनऊला दिवा बंद, हे तुझे नियम मला झेपले नसते असं नाही. तू आईला आठ वर्षं सांभाळलंस. मी रविवारी यायची, अर्धा तास बसायची. शेवटी शेवटी ती मला ओळखेना. "बसवाली बाई आली, गाडी सुटायची वेळ झाली का?" असं विचारायची. मी हसून "हो, झाली" म्हणायची आणि खरंच निघून जायची. बसमध्ये बसून रडायची आणि तुला कधी सांगितलं नाही. तू मात्र राहिलीस. तिला तू "ती आतली बाई" होतीस, तरी राहिलीस. मग मी कोणत्या तोंडाने त्या खोलीत झोपू? थंडी मला इथे वाजत नाही, मर्डिना. तुझ्यासमोर बसायचं म्हटलं की वाजते.

हे तोंडावर बोलायला हवं होतं. जमलं नाही.

तुझी खडूस बहीण,
डोलिना


तुझ्या घरासमोर, "गाडी उभी करू नये" अशी पाटी आहे तिथेच,
१ जानेवारी, सकाळ

मर्डिना,

पार्सल ख्रिसमसच्या आदल्या दिवशी पोचलं. पुन्हा चिठ्ठी नाही. दोन बॅटऱ्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. आणि एक मोजा. एकच. लाल, टाचेत दुहेरी टाका. उरलेली लोकर जपून ठेवली होतीस की पुन्हा काही उसवलंस? आता या क्षणी माझ्या दोन्ही पायांत मोजे आहेत. बॅटऱ्या छतावरच्या डबीत आहेत. मी त्या काढणार नाही, अंतिम सामना असला तरी.

इशबेल सांगत होती, ख्रिसमसला तू एकटीच जेवलीस आणि टेबलावर दोन ताटं मांडली होतीस. ती कशाला खोटं बोलेल?

मी काल दुपारी निघाले. बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकलेलं होतं, गाडी छान आली, वाटेत गार्व्हला थांबून झोपले. टॉर्किलने निघताना दारातला बूट काढून घेतला आणि म्हणाला, "परत आलीस तर येशील, नाही आलीस तर पत्र टाक. मला कुणी लिहीत नाही." त्याला लिहायला हवं.

आता नीट वाच. नवं वर्ष उजाडलंय. मी तुझं दार ठोठावलेलं नाही आणि ठोठावणारही नाही. दिलेला शब्द आहे. शिवाय माझे केस अजून लालच आहेत. माझा पाय आधी तुझ्या घरात पडला तर आई वरून येऊन आपल्या दोघींना झोडपेल. म्हणून हे पत्र दाराच्या फटीतून आत टाकतेय आणि बसमध्ये जाऊन बसतेय.

माझ्या बसमध्येही या वर्षी अजून कुणा पाहुण्याचं पाऊल पडलेलं नाही, माझं स्वतःचं धरायचं नाही. तुझे केस पांढरे झालेत, पण ते काळे होते हे मला माहीत आहे आणि आईलाही माहीत आहे. मागच्या दारापाशी कोळशाची बादली आहे. एक तुकडा घे. इथे जाळायला जागा नाही, स्टिअरिंगसमोर ठेवू. किटली चढवलीय. ते कोरलेलं आसन तुझ्यासाठी पुसून ठेवलंय. चहा झाला की आईबद्दल बोलू. तू काय बोलशील ते सगळं ऐकून घेईन, अर्ध्या तासात उठणार नाही. नंतर वाटलं तर तू मला घरात घेऊन जा. नाही वाटलं तर इथेच बसू, ऊब भरपूर आहे.

स्वयंपाकघराचा पडदा आत्ता हलला. मी पाहिलं.

पायरीवर मी बरीच वर्षं उभी राहिले, मर्डिना. या वेळी दाराच्या आत मी आहे, आणि म्हणायची पाळी माझी.

आता ये.

डोलिना