पेशंटच्या जागी माझं नाव

४ ऑगस्ट २०२५
आज रुजू झाले! पूनम सागर वसाहतीतल्या घरापासून काशीगावजवळचं हे मेडिकल कॉलेज रिक्षाने पंधरा मिनिटांवर. सिम्युलेशन लॅब आता माझ्या ताब्यात: टाके शिकायला खोट्या कातडीच्या पट्ट्या, आणि मधोमध पोट कापता येणारा रबरी पुतळा. चुकलं की रक्त येतं, स्क्रीनवर नाडी बिघडते. 'रीसेट' दाबलं की स्वारी ठणठणीत. लॅब सोडताना रीसेट दाबलेलं हवं, हा विभागप्रमुख हरिश्चंद्र सरांचा नियम. मुली सर्जरीकडे वळत नाहीत, उगाच घाम गाळू नका, असंही म्हणाले. बघतेच.

५ ऑगस्ट
पोरं पुतळ्याला हात लावेनात. स्क्रीनवर पेशंटच्या नावाची जागा रिकामी होती, तिथे मी 'रसिका कांबळे' टाइप केलं. म्हटलं, मॅडमला कापायची संधी पुन्हा मिळायची नाही. मग काय, अकरा जणांनी हात साफ करून घेतला. प्रितमची सुरी तर घसरलीच. टाके कोणीच घातले नाहीत, दर वेळी मी रीसेट दाबलं. मानसी तेवढी दारातच थांबली. तिला सर्जन व्हायचंय, पण चुकायची भीती वाटते. टेक्निशियन आत्मारामकाका हसले नाहीत. ती जागा रिकामीच ठेवतात, म्हणाले.

७ ऑगस्ट
आंघोळीच्या वेळी पोटावर अकरा लाल रेघा दिसल्या. एक वाकडी. प्रितमची.

८ ऑगस्ट
नाव खोडलं जात नाही. काका म्हणाले, फक्त बदलता येतं. आधीच्या इनचार्जनी स्वतःचं काढून एका विद्यार्थ्याचं टाकलं आणि नोकरी सोडली. तो विद्यार्थी वारला त्या दिवशी जागा आपोआप रिकामी झाली.
मला भीती वाटतेय. पण त्याहून जास्त राग आलाय.

११ ऑगस्ट
रेघा उघडतायत. स्क्रीनवर नाडी १२८. मनगट धरलं – १२८.
काका म्हणतात, माझं नाव टाका, माझं वय झालं. नाही टाकणार. कुणाचंच नाही.

१२ ऑगस्ट, दुपार
कळलं. रीसेटने जखम मिटत नाही, माझ्याकडे येते. म्हणजे अर्धवट सोडलेलं पुरं करायचं. पुतळ्याला पुन्हा अकरा छेद दिले, आता प्रत्येक शिवायचा. माझे हात थरथरतात. मानसीला बोलावून सगळं सांगितलं. रडली, मग ग्लव्ह्ज चढवले.

पहिली जखम शिवली – माझी मिटली!

सहा. नाडी ११०. काय हात आहे पोरीचा. सर, या बघायला, मुली सर्जरीला कशा येत नाहीत ते.

दहा. ९२. वाकडी तेवढी राहिली –

सर आलेत. पाच वाजले, लॅब आवरा म्हणतात. मानसीने मान वर केली नाही.
"सर, थांबा. टाका अर्धाय."
आज पहिल्यांदा तिचा आवाज चढलेला ऐकला. शाब्बास –

सर स्क्रीनकडे – नियम म्हणे – काका आडवे आले – मानसी, तू शिव, तिकडे बघू नको, हात थांबवू न – सरांचं बोट रीसे