विषय: वाल्मीकला व्हॉलीबॉल टीममध्ये घेणेबाबत

२ ऑक्टोबर १९८८, रविवार

वाल्मीकचं लंकेहून, शांतिसेनेतून पत्र. त्यांच्या सप्लाय प्लाटूनमध्ये जुने सुभेदार बदलून गेले, नवे हरियाणाचे आलेत. आचारी बदलला. पाऊस आहे. मी बरा आहे. सुट्ट्या बंद आहेत. मग अगदी तळाला एक ओळ: जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात प्लाटूनची व्हॉलीबॉल टीम सामन्यांसाठी पुण्याला येणार, टीममधल्यांना नंतर चार दिवस घरी सोडतील, माझं नाव लागतं का बघू.

बघू.

दीड वर्ष आईने त्याचं तोंड पाहिलेलं नाही. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली की ती भाकरी तव्यावर तशीच सोडून दारात येते. आणि हा लिहितो बघू. पत्र मी दोनदा जमिनीवर आपटलं. पत्राचा आवाज होत नाही, त्याचाही राग आला.

ठरवलं: वाल्मीक टीममध्ये असणार. बाकी मी पाहून घेते.

४ ऑक्टोबर

रविवारी 'दोनदा आपटलं' असं लिहिलं. एकदाच. दुसऱ्यांदा हातातून पडलं. रोजनिशीत तरी खोटं नको.

वाल्मीकला सरावाचं टाइमटेबल पाठवलं. पहाटे उठणे, पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन उठाबशा (सप्लायमध्ये पोत्यांना काय तोटा), मग शंभर उड्या. मी स्वतः व्हॉलीबॉल खेळलेले नाही, पण कामतघरच्या तलावाजवळ पोरं खेळतात ती ऑफिसला जाताना रोज दिसतात, त्यामुळे खेळ मला कळतो.

आजपासून संयम. पत्रात कुठेही रागावायचं नाही. फक्त शेवटच्या परिच्छेदात थोडंसं रागावले.

२५ ऑक्टोबर

उत्तर आलं. टीमसाठी बाराजण निवडलेत, त्यात माझं नाव आहे, जवळपास नक्की समज, काळजी करू नकोस.

'जवळपास' या शब्दाने डोकं उठलं. त्यावर कडी म्हणजे पुढचं वाक्य: इथे रोज डबाबंद भाजी, सुकटाची फार आठवण येते.

म्हणजे सगळ्या फौजेला जेवू घालणाऱ्या प्लाटूनमध्ये माझा भाऊ उपाशी. आजूबाजूला पिठाची थप्पी, साखरेची थप्पी, आणि मधे हा. ऑफिसात कापडाचे ताके वहीत लिहिताना कार्बनपेपर फाटेपर्यंत पेन दाबलं. शेठ म्हणाले, बेटी, कपडा बेचना है, फाडना नहीं. नवा कार्बनपेपर घातला.

२६ ऑक्टोबर

आमच्या वडिलांनी, आप्पांनी, मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. तेही सप्लायमध्ये हवालदार क्लार्क होते. त्यांच्या शाळेत निबंध नव्हता, अर्ज होता. आधी तारीख, मग विषय, मग तक्रार, मग 'आपला आज्ञाधारक'. आज ते शिक्षण कामी आलं. वाल्मीकच्या मेजर साहेबांना थेट अर्ज लिहिला. विषय: जवानास अन्न कमी मिळणेबाबत.

'उपाशी' लिहू की नको, यावर बराच वेळ गेला. तो उपाशी आहे असं त्याने लिहिलेलं नाही. पण ज्याला आवडीचं मिळत नाही तो पोटभर जेवत नाही, आणि जो पोटभर जेवत नाही तो अर्धा उपाशीच. म्हणून 'अर्धपोटी' लिहिलं. हे पूर्ण सत्य आहे.

खाली सही: बकुळा, जवानाची मोठी बहीण. मोठी म्हणजे सव्वा वर्षाने. ते लिहायची गरज नव्हती.

सोबत वाल्मीकला सुकटाचं पार्सल. शेजारच्या शेवंताकाकू म्हणाल्या, डब्यात घाल गो, वास मारंल. भिवंडीत राहायचं, चारी बाजूंना लूम, आणि डबा विकत आणायचा? ऑफिसातलं कोरं कापड शेठना विचारून आणलं आणि दुहेरी शिवलं. काकूंना प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय आहे.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार. लूम बंद, शांतता.

मेजर साहेबांचं टाइप केलेलं उत्तर. तक्रारीची गंभीर दखल घेतली आहे, जवानाला दुप्पट आहार सुरू केला आहे, दर सोमवारी त्याचं वजन करून नोंद ठेवली जाईल.

आईला तीनदा वाचून दाखवलं. आई म्हणाली, दुप्पट कशाला, तो बेताचाच खातो. तिला लष्करी कारभार कळत नाही. काकूंना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पोराला फौजेत पाठवलाय का खाटकाकडं?

संयम. त्यांच्या दारातली आमची सुपली मात्र परत आणली.

२९ नोव्हेंबर

वाल्मीकचं पत्र. जेमतेम पानभर.

दर सोमवारी सगळ्या प्लाटूनसमोर त्याला पिठाच्या काट्यावर उभं करतात. वजन मोठ्याने पुकारतात, पोरं टाळ्या वाजवतात. जेवताना नवे सुभेदार ताट रिकामं होईपर्यंत समोर उभे असतात. पार्सल आलं तेव्हा टपाल घेणाऱ्याने ते चहापत्तीच्या गोदामात ठेवलं. कापडातून वास गेला, चहापत्तीने तो धरला, आणि आठवडाभर आख्ख्या कॅम्पने सुकटाचा चहा प्यायला. त्यानंतर वाल्मीकची गोदामातून बदली झाली. आता तो बाहेर सरपण आणि रॉकेलच्या यार्डात असतो.

शेवटी: आक्का, हात जोडतो, आता कोणाला काही लिहू नकोस.

भयंकर राग आला. चहापत्ती उघडी ठेवतात म्हणजे काय? आप्पांच्या वेळी असं चाललं नसतं. आणि पार्सलवर 'खाद्यपदार्थ' असं मी ठळक लिहिलं होतं.

शांतपणे विचार केल्यावर बदली चांगलीच वाटते. यार्डात तो एकटाच आहे, म्हणजे स्वतंत्र चार्ज. मोकळी हवा. उड्या मारायला जागा. तो हे स्पष्ट लिहीत नाही, कारण लहानपणापासून त्याला स्वतःचं कौतुक करता येत नाही.

कोणाला काही लिहायचं नाही, हे मात्र त्याचं बरोबर. मान्य.

८ डिसेंबर

मेजर साहेबांना लिहिलं.

हे 'काही' नव्हतं, आभारपत्र होतं. पण आभार दोन ओळींत संपले आणि पान मोठं होतं. तेव्हा एवढंच विचारलं की दुप्पट आहार घेतलेला माणूस एकदम उड्या मारू लागला तर गुडघ्यांचं काय? सरावाच्या वेळी डॉक्टर हजर असतात का? सामन्यात इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे कृपया लेखी कळवावं.

तीन रात्री त्याचे गुडघे माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. विचारून टाकलं, आता बरं वाटतं.

५ जानेवारी १९८९

वाल्मीक आणि मेजर साहेब, दोघांकडूनही पत्र नाही. आई म्हणते, काहीतरी बिनसलंय. मी तिच्यावर ओरडले. साधी गोष्ट आहे: त्याचं नाव लागलं आहे आणि तो अचानक दारात उभा राहणार आहे. वाल्मीकला असले चाळे आवडतात. गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं.

आईवर ओरडायला नको होतं. पण तिने ते बोलायलाही नको होतं.

२१ जानेवारी, शनिवार

पुण्याचे सामने काल संपले असणार. म्हणजे उद्या. आईने गादी उन्हात टाकली, दोनदा झटकली. मी बोंबील आणायला गेले. मावरंवालीने बारके बोंबील पुढे केले. भाऊ लढाईवरून येतोय, हे काय देतेस, म्हटलं. ती म्हणाली, बाई, त्याला खायचं हाय का मोजायचं हाय? भांडून मोठे आणले.

शेवंताकाकूंनी आपणहून तांदळाचं पीठ आणून दिलं. ठेवून घेतलं. आभार मानले, पण तुटक.

२२ जानेवारी, रविवार

दुपारी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. आई तव्यापुढून उठली. मीही. हिरवी बॅग दिसली, बूट दिसले. वाल्मीक नव्हता.

काळूराम म्हणून मुरबाडकडचा एक जवान होता. वाल्मीकच्याच प्लाटूनचा. वाल्मीकच्या जागी टीममध्ये घेतला तो हाच. गावी जाताना वाट वाकडी करून आला, कारण वाल्मीकने त्याला सांगितलं होतं, आईला सांग मी बरा आहे.

आईने त्याला आत बसवलं आणि वाल्मीकचं ताट वाढलं.

तो भुकेला होता आणि बोलका होता. आईने विचारलं, माझा पोर का नाही आला? तो म्हणाला, काकी, तुमच्या पोराला डबल खाना लावला ना, तो असा फुगला की उडी मारली तर बॉलच्या आधी पोट नेटला लागतंय. तरी घेतला असता त्याला, तो सर्विस लई जोरात मारतो. पण त्याची एक बहीण हाय, आक्का. तिनं साहेबाला लिवलं, गुडघा गेला तर जबाबदार कोण? साहेब बोलला, नाव काडा याचं, ही बाई मला कोर्टात उभा करंल. आमच्यात बोलतात, लंकेत धोके दोन, एक सुरुंग आणि दुसरी आक्का. नवीन सुभेदार तर टपाल आलं की आधी विचारतो, भिवंडीचं हाय का?

तो मनापासून हसत होता. मी भाकरी वाढत होते.

मग त्याने विचारलं, आक्का हायेत का घरात? म्हाताऱ्या असतील ना? पाया पडून जातो, न्हायतर मलापण लिवतील.

आईने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, आक्का वडप्याला गेल्यात.

बरं झालं, असं म्हणून त्याने आणखी एक बोंबील घेतला. माझं नाव त्याने विचारलं नाही. आई त्याच्या शेजारी बसून होती. वाल्मीकला झोप लागते का, विचारलं. लागते, म्हणाला. थंडी वाजते का? तिकडं थंडी न्हाय काकी. मग तिला विचारायला काही उरलं नाही, तर ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तो जेवायचा थांबला आणि खाली बघत बसला.

तो गेल्यावर आईने गादी गुंडाळून ठेवली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते. तयारी होती.

२३ जानेवारी, सोमवार

रात्री झोप नाही. वडप्याला गेल्यात हे खोटं होतं.

सकाळी ऑफिसला दांडी मारून वडप्याला गेले. तिथे काहीच काम नव्हतं. हायवेच्या कडेला उभी राहिले. चहा प्यायले. लष्कराचे ट्रक चालले होते, एकाची ताडपत्री सुटून फडफडत होती, आतल्या पोत्यांवर धूळ बसत होती. नंबर वाचता येत होता. मी मान फिरवून गोदामांकडे बघितलं. ट्रक पुढे गेल्यावर मान परत फिरवली, पण तोवर नंबर दिसेना.

आता ते खोटं राहिलं नाही. एका दिवसाचाच फरक.

घरी आले तर आई कोरं आंतर्देशीय पत्र घेऊन बसली होती. तिला लिहिता येत नाही. म्हणाली, मी सांगते तेवढंच लिही. लिहिलं. काळूराम आला होता. पोटभर जेवला. तुझी आठवण आली. सुट्टी मिळेल तेव्हा ये.

एवढंच. मी एकही शब्द वाढवला नाही. अर्धं पान मोकळं राहिलं.

आईने मागून घेतलं, दिव्याखाली धरलं, मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, इथं काही नाही ना लिहिलेलं?

नाही म्हटलं. मग तिने स्वतःच चिकटवलं.