चार हजार तासांवरची सही

१ फेब्रुवारी २०११, मंगळवार

एकशे एकोणपन्नास! राज्याच्या अकाउंटन्सी बोर्डाचं पत्र आलं. सीपीए, म्हणजे परवानाधारक अकाउंटंट, व्हायला कॉलेजची दीडशे क्रेडिट लागतात आणि माझी एकशे एकोणपन्नास भरली. एक कमी. कुठल्या विषयाचं? कुठल्याही, म्हणे. कुठल्याही!

चारही पेपर पास झाले. व्यावसायिक नीतीची परीक्षा घरबसल्या पुस्तक उघडं ठेवून दिली, चौऱ्याण्णव मार्क. बावीस वर्षं कुचेराच्या ऑफिसात बसून निम्म्या गावाचे टॅक्स रिटर्न मी भरते आहे. पण नेब्रास्का राज्याच्या मते माझं शिक्षण अजून एका क्रेडिटने अपुरं आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी.

ग्लेन म्हणाला, "अगं, एवढं चढलीस, एका पायरीसाठी काय रडतेस?" नवरा लोकांना बोलायला काय जातं.

४ फेब्रुवारी

कॉलेजात एका क्रेडिटचा, मंगळवारी दुपारी जमणारा, आत्ता सुरू होणारा एकच कोर्स निघाला. बोलिंग.

होय. लाकडी बाटल्यांवर चेंडू घरंगळवायचा.

१५ फेब्रुवारी

बोलिंगच्या वर्गात अकरा जण. दहा जण एकोणीस वर्षांचे. भाड्याच्या बुटांना दुसऱ्याच्या पायांचा वास. एका मुलीने विचारलं, "मॅम, तुम्ही हौस म्हणून येता का?" म्हटलं, "नाही, अकाउंटंट व्हायला." तिला वाटलं मी थट्टा करते आहे. खूप हसली.

१० मार्च

टॅक्सचा सीझन. मान मोडून काम. कुचेरा सकाळी नऊला येतो, बेकरीतली जॅम भरलेली गोड कोलाची खातो, पेपर वाचतो. अकराला मी गठ्ठा ठेवते. तो शेवटचं पान उलटतो, सही करतो, पान उलटतो, सही करतो. आकड्यांकडे बघतसुद्धा नाही. मग बारा वाजता राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचा रोल खायला जातो. एक्काहत्तर वर्षांचा आहे. काचेवर सोनेरी अक्षरांत नाव त्याचं: डेल्बर्ट कुचेरा, सीपीए.

३० जूनला निवृत्त होणार. परवाना बोर्डाला परत, आणि गिऱ्हाइकं ओमाहाच्या पुतण्याला, क्लेटनला. क्लेटन मला ठेवेल का? "बघू," म्हणाला. परवाना मिळाला तर त्याचं "बघू" त्याच्याकडेच राहू दे, मी इथेच माझी पाटी लावीन. पण अनुभवाच्या फॉर्मवर कुचेराची सही तीस जूनच्या आत हवी. नंतर तो सीपीएच राहणार नाही. मग माझ्या बावीस वर्षांना साक्षीदार कोण?

१९ एप्रिल

सीझन काल संपला. आज फॉर्म त्याच्या टेबलावर ठेवला. एकच पान. 'अर्जदाराने माझ्या देखरेखीखाली किमान चार हजार तास काम केले असून ते मी तपासले आहे.' खाली सहीची रेघ.

म्हणाला, "ठेव. बघतो."

२६ एप्रिल

फॉर्म तिथेच, पेपरवेटखाली. वर कोलाचीचे कण.

बोलिंगमध्ये 'बी' ग्रेड मिळाली. दीडशे भरली.

४ मे

आज तोंडावर विचारलं. त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसणार नाही.

"रॉक्सॅन, यावर मला सही करता येणार नाही."

"का?"

"यात लिहिलंय, मी तुझं काम तपासलं. मी कधी तपासलं? सरकारी कागदावर खोटं कसं लिहू?"

मला आधी वाटलं चेष्टा करतोय. डोळे बघितले. चेष्टा नव्हती!

"दर वर्षी सहाशे रिटर्नवर न वाचता सही करता, ती चालते?"

"ते बरोबर असतात ना!"

"कशावरून?"

"तू केलेले असतात म्हणून."

आणि चष्मा पुसत बसला. माझ्या हातातला कॉफीचा मग मी त्याच्या डोक्यात घातला नाही, याबद्दल मला एखादा परवाना द्यायला हवा.

५ मे

खोटं कसं लिहू, म्हणे!

९ मे

लिंकनला बोर्डाच्या ऑफिसात फोन केला. तिथली बाई गोड बोलणारी होती. "हो ना, फार होतं असं. पण ज्यांनी देखरेख केली त्यांचीच सही लागते हो. दुसऱ्या कोणी सीपीएनं केली नाही का?" म्हटलं, आमच्या ऑफिसात दुसरा नाहीच. "मग नवीन ठिकाणी चार हजार तास, म्हणजे दोन वर्षं, काम करा. ती धरतील." बावीसवर आणखी दोन! नवीन ठिकाण म्हणजे क्लेटन. पुतण्याला काकाने रान मोकळं करून दिलं, दुसरं काय. स्पर्धा नको. हेच कारण. बाकी सगळी सोंगं.

१२ मे

एक गोष्ट या वहीत मी कधीच लिहिली नाही. आज लिहिते.

परवाना टिकवायला सीपीएला दर दोन वर्षांनी ऐंशी तासांची शिबिरं करावी लागतात. २००० सालच्या मे महिन्यात कुचेरा म्हणाला, "मासे लागलेत तळ्यात. तू जाऊन बस. कोण बघतंय?" आणि मी गेले. कीर्नीच्या मोटेलमधला हॉल, दीडशे खुर्च्या, दारात टेबल, टेबलावर हजेरीचा कागद. मी 'डी. कुचेरा' अशी सही केली, छातीवर तेच नाव लावलं, कोणी मान वर करून पाहिलं नाही. वर्षातून दोनदा, अशी अकरा वर्षं. तो तळ्यावर, मी वर्गात. तिथे मला सगळे 'डी' म्हणतात. दुपारच्या जेवणात तीच ती कोरडी कोंबडी. एकदा तर संघटनेच्या कमिटीवर घ्यायला निघाले होते मला! आणि दर खेपेला त्यातले चार तास व्यावसायिक नीतीचे असत.

नूतनीकरणाचा फॉर्मही मीच भरायचे. 'वरील शिबिरांस मी स्वतः हजर होतो.' त्याखालची सहीसुद्धा मीच ठोकायचे. तो म्हणायचा, कागदपत्रांचं तू बघ.

खरं सांगायचं तर मला आवडायचं तिथे. मी पुढच्या रांगेत बसायचे. प्रश्न विचारायचे. हे सगळं आपल्याला समजतंय, हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं. त्या खुर्चीतच ठरवलं की स्वतःच्या नावाने बसायचं.

१३ मे

धमकी दिली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला धमकी दिली आणि ती नीट जमली नाही. आवाज फाटला.

"सही करा, नाहीतर कीर्नीला कोण बसत होतं ते बोर्डाला सांगेन."

कुचेरा जागचा हलला नाही. "सांग की. पण अक्षर कुणाचं आहे तिथे?"

माझं. सगळीकडे माझंच.

"मी आजवर बोर्डाच्या एकाही खोट्या कागदावर सही केलेली नाही, रॉक्सॅन. आठवून बघ."

आठवून पाहिलं. खरंच नाही केलेली. एकही नाही! खोटं जेवढं होतं तेवढं सगळं माझ्या हातचं. त्याने नुसते मासे पकडले.

घरी ग्लेनला सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "दोघांनी मिळून लबाडी केलीत आणि आता खरेपणावरून भांडताय होय?" मी ताट तसंच ठेवून उठले. राग त्याच्या हसण्याचा नव्हता, तो चुकीचं बोलला नाही याचा होता.

२० मे

बोलणं बंद. चिठ्ठ्यांवर काम चालू आहे. त्याची कोलाची मी आता आणत नाही. त्याने बेकरीत स्वतः जाऊन खसखशीची आणली, त्याला जर्दाळूची आवडते. बरं झालं.

२७ मे

आज व्लास्ता कोपेत्स्का आली होती. सत्त्याऐंशी वर्षांची, नवरा गेल्यापासून तिचे कागद मीच बघते. म्हणाली, "रॉक्सी, पुढच्या वर्षी तूच करशील ना गं? त्या ओमाहाच्या पोराला मी माझं काही दाखवणार नाही." काय सांगू? करेन, असं म्हणाले. कुठल्या तोंडाने म्हणाले कोण जाणे.

गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. हातरुमाल नव्हता, खरखरीत कागदी रुमालाने नाक सोलून निघालं.

२ जून

सकाळी टेबलावर चिठ्ठी. 'मागच्या दोन वर्षांचे सगळे रिटर्न काढून ठेव. सगळे.'

क्लेटनला पाठवायचे असणार. खोकी ओढून ओढून कंबर गेली.

३ जून

क्लेटनला नाही! म्हातारा स्वतः वाचतोय! पहिल्या पानापासून. पट्टी, लाल पेन्सिल, जुनं आकडेमोडीचं यंत्र, तेच ते कागदाची शेपटी सोडणारं. मी दारात उभी राहिले तर मान वर न करता म्हणाला, "तपासलं की तपासलं असं लिहिता येईल. तीस जूनपर्यंत होईल बहुतेक."

मला आनंद व्हायला हवा होता. संताप झाला! बावीस वर्षं मी हात जोडून म्हणत होते, एकदा नजर टाका हो, दुसरे डोळे हवेत. तेव्हा मासे. आणि आता, मी चारही पेपर पास झाल्यावर, हा लाल पेन्सिल घेऊन बसलाय.

१० जून

सातला येतो, सहाला जातो. जेवायला बाहेर जात नाही, डब्यात सँडविच आणतो. आज हाक मारली. "हे घसाऱ्याचं कोष्टक असं का केलंस?" मी सांगितलं. "हं," म्हणाला आणि पुढे गेला. तीन तासांनी पुन्हा हाक. पुन्हा "हं".

या माणसाला काम येतं. चांगलं येतं! मी पार विसरले होते. यानेच मला पहिलं रिटर्न शिकवलं होतं, इतकं हळू आणि इतकं नीट. याला येत होतं आणि तरी याने केलं नाही, हे मी माफ करणार नाही.

१६ जून

चूक सापडली. व्लास्ताच्याच रिटर्नमध्ये. विधवा म्हणून मिळणारी एक सूट मी एक वर्ष जास्त लावली होती. माझे कान तापले. तो काही बोलला नाही, कागद नुसता माझ्याकडे सरकवला. बोलला असता तर बरं झालं असतं. दुरुस्त करून पाठवला.

आतापर्यंत तपासलेल्या सहाशेत एक. पण मनातून जात नाही.

२८ जून

शेवटचं खोकं दुपारी दोनला संपलं. त्याने पेपरवेट उचललं, फॉर्मवरचे कण फुंकले, तारीख घातली, सही केली. सावकाश, सगळी अक्षरं लावून.

"आता खरं आहे," म्हणाला.

मी आभार मानले नाहीत. त्यानेही वाट पाहिली नाही. पोस्टात रजिस्टर करून आले.

३० जून

काचेवरचं नाव खरवडून काढलं. त्याने एका हाताने, मी दुसऱ्या बाजूने. 'सीपीए' मीच काढलं. त्याने परवाना परत करायचा फॉर्म भरायला घेतला — म्हटलं, द्या, मी भरते, सवयीने तोंडातून गेलं. "नको. हा मी भरतो." पाकिटात घातला आणि स्वतः चिकटवला.

असं आजवर कधी झालं नव्हतं.

१५ जुलै

बोर्डाचं पत्र. माझे तास मंजूर! कुचेराची सही ग्राह्य, परवाना त्या दिवशी चालू होता. सगळं पूर्ण. फक्त एक पुरवणी कागद.

परवाना परत करायच्या फॉर्मवर प्रश्न असतो: सर्व शिबिरांना आपण स्वतः हजर होता काय? कुचेराने लिहिलं, नाही. अकरा वर्षं नाही. माझ्या जागी दुसरं माणूस बसत होतं. नाव सांगणार नाही. तो फॉर्म स्वतः भरतो म्हणाला, मला तेव्हाच कळायला हवं होतं.

म्हणून बोर्ड मला विचारतंय. त्या ऑफिसात मी होते म्हणून. एक वाक्य, दोन चौकटी. 'ती व्यक्ती कोण, हे आपणास माहीत आहे काय?' हो. नाही. खाली शपथ, खाली सही.

गाडी काढून त्याच्या घरी गेले. अंगणात बसून टोमॅटोला काठ्या बांधत होता.

"हे काय करून ठेवलंत तुम्ही!"

"मला विचारलं, मी सांगितलं."

"आणि मी? मी काय लिहू?"

सुतळी दातात धरून त्याने गाठ मारली. "तुझं नाव देणारा मी कोण? ते तुझं आहे. द्यायचं की नाही, तू बघ."

"'हो' लिहिलं तर सगळं जाईल. मला कोणी परवाना देणार नाही!"

"हं," म्हणाला.

१६ जुलै

ग्लेन म्हणतो, विचारू नकोस मला. तू ठरव.

१७ जुलै

चर्चमध्ये व्लास्ता भेटली. "पाटी कधी लावतेस?"

१९ जुलै

'नाही'वर खूण केली. सही केली. पोस्टात टाकून आले. अकरा वर्षं त्याच्या नावाने खोट्या सह्या केल्या, ही माझ्या नावाची.