इशबेल

वॉलॉंगॉंग, ऑस्ट्रेलिया, जून २०२०

प्रिय मार्था,

आधीच सांगतो, रागावू नकोस. पहिल्या नातीला आजीचं नाव द्यायचं, ही आपली वसईची रीत. मार्चमध्ये मला निरोप देताना तू बजावलंस, "मी महिन्याने येतेच, पण माझं नाव चुकवू नका हं!" मग विमानंच बंद झाली. परवा नात झाली, गुटगुटीत. नाव ठेवलंय इशबेल.

"स्कॉटिश नाव! इथेही कुणाचं नाही," म्हणून बेन्सन आणि सूनबाई खूश आहेत. सुचवलं मीच. का, ते मात्र त्यांना सांगितलं नाही.

शाळेच्या इंग्रजी पुस्तकात एक कविता होती. तिच्यात कंदील घेऊन किनाऱ्यावर वाट पाहणारी इशबेल होती. लग्न ठरल्यावर मी तुला चिठ्ठ्या लिहायचो, तेव्हा तुझ्या भावांच्या हाती लागल्या तर पंचाईत, म्हणून वर तेच नाव घालायचो. आठवतं का गं तुला?

इतकं लिहिलं आणि तुझा व्हिडिओ कॉल आला. बेन्सनने भीत भीत नाव सांगितलं. तू पदर तोंडाला लावून हसलीस.

"डॅडीला सांग, सगळ्या चिठ्ठ्या माझ्या ट्रंकेत आहेत."

"कसल्या चिठ्ठ्या, डॅडी?" बेन्सन अजून विचारतोय.

आता हे पत्र पाठवायचं कशाला? माझ्याच बॅगेत ठेवतो.

नातीला तुझंच नाव देणारा,
फॅबियन