साच्यावरचा गळपट्टा

अकोला, २ एप्रिल २००६
आज रुजू झाली बापा! तहरीम स्वतः मले घ्यायले स्टेशनवर आली. अमरावतीच्या कॉलेजात आमी एका बाकावर बसत होतो. आता ती मालकीण, मी तिची डिझायनर. तिचे अब्बा, अब्दुल रहीमचाचा, जन्मभर बैलांच्या तोंडावर बांधायच्या चामडी म्होरक्या शिवत होते. गावोगावचे बैल विकले गेले, आता म्होरकी घेते कोण? मग पोरीनं परदेशातून अजगराची कातडी मागवली, अन् आता तिच्या पर्सा मुंबईच्या नट्या मिरवतात. चाचींनी शेवया खाऊ घातल्या. झकास.

६ एप्रिल
अजगराच्या कातड्याचा गळपट्टा करून राहिली. कल्पना माही, नक्षी माही. दिल्लीच्या शोमधी घालणार मात्र तहरीम, नावही तिचंच. साचा तिच्या मानेचा. ओलं कातडं त्यावर ताणायचं. वाळलं की ते आटते अन् त्याच गळ्याचं होते, दुसऱ्या कोणाले बसत नाही. ओलं कातडं जित्या अंगाले लावायचं नाही, असं चाचांनी दोनदा बजावलं. काहून, ते सांगत नाहीत. अन् नाव मात्र तिचं! कॉलेजात पहिली तर मीच यायची ना!

९ एप्रिल
पेपरवाले आले. फोटो तिचेच. तिनं माहं नाव सांगितलं, त्यायनं लिहिलंच नाही. जीव जळला माहा. सगळे जेवायले गेले, तसा म्या ओला गळपट्टा साच्यावरून काढला अन् माह्या गळ्यात बांधला. वाळू दे इथंच. होऊ दे माहाच. आरशात काय दिसून राहिली होती मी, माय वो!

१० एप्रिल
निघत नाही. वरून ओढणी घेतली. तहरीम गळपट्टा शोधून राहिली, मीही तिच्यासंगं शोधल्यासारखं केलं. चाचांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, नवा करू म्हणाले. मले राग आला, तसा पट्टा आवळला. कातडं तर कालच वाळून कडक झालं होतं.

११ एप्रिल
पट्टा उन्हानं आवळत नाही. तिचा हेवा आला की आवळते. दिल्लीहून फोन — तिलेच. आवळला. ती हसली — आवळला. म्या गिळलं की तेही गिळते.

१२ एप्रिल
मानेत रुतला. कात्री आत जात नाही. आवाज फुटत नाही, म्हणून लिहून —
तहरीम दाराशी. ओळखलं तिनं. चाचांची कातडं कापायची रापी घेऊन आली. म्हणते, दार उघड, कापून टाकू, शो गेला खड्ड्यात, मले तू पाहिजे. रडून राहिली.
कडी हाताशी आहे. उघडली की सुटली मी.
पण किती चांगली आहे ती. एवढं चांगलं तिनंच काहून असावं, मी काहून नाही —
आव