मुंग्यांचा खडू

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मेअखेर तू शाळेतून निवृत्त होणार आणि निरोपाच्या दिवशी घालायला कोट हवा, हे वाचून हसू आलं. पस्तीस वर्षं मुलांना नीट उभं राहा म्हणून ओरडलास, आता तुला एक दिवस नीट उभं राहायचंय! कोट मीच कापणार. मापं पाठव. कापड मी निवडीन, तुझ्या आवडीचा भरवसा नाही.

दुकान ठीक चाललंय. मशीनवरच्या मावशी अजून माझ्यावरच हुकूम गाजवतात. फक्त उजवीकडच्या मुंग्या काही केल्या जात नाहीत. सकाळी उठावं तर हजर, कटिंगच्या टेबलापाशी गेलं की जास्तच. चालायचंच.

लोभ आहेच, मापांबरोबर थोडा आणखी पाठव.
तुझी ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मुंग्या आणि म्हणे चालायचंच! शिवणकामाच्या दुकानात? सोबत मुंग्यांच्या खडूच्या बारा कांड्या पाठवतोय. उजवीकडच्या भिंतीलगत एक रेघ मार, टेबलाच्या चारी पायांभोवतीही मार. नंतर हात धू, विषारी असतो. आणि साखरेचा डबा कुठे ठेवतेस ते बघ. लहानपणी तो तुझ्या उशीखाली सापडायचा, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मापं घ्यायला बायको बसली होती, पण मी पोट आत ओढतो असं तिचं म्हणणं पडलं आणि भांडण झालं. पुढच्या पत्रात पाठवतो.

लोभ असावा, मुंग्या नसाव्यात.
तुझा धाकटा

ता. २७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पार्सल उघडलं आणि हसता हसता मटकन खालीच बसले. मावशींना कारण सांगितलं, तर त्याही हसल्या आणि मग हात देऊन मला उठवलं. अरे वेड्या, मुंग्या भिंतीला नाहीत, माझ्या पायाला आहेत.

आता सांगतेच. दोन वर्षं झाली. मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणतात. वायरीवरचं वेष्टण उंदराने कुरतडावं तसं आपलंच शरीर नसांवरचं वेष्टण कुरतडतं, आणि निरोप मध्येच अडकतात. मेंदू म्हणतो पाय उचल, पाय तुझ्या शेवटच्या बाकावरच्या मुलांसारखा ढिम्म. हे दुखणं जात नाही, पण औषधाने आवरतं. सहा महिन्यांनी एकदा दिवसभर सलाईन लावून पडायचं. तुला कळवलं नाही, कारण मला दुखण्याची नाही, तुझी भीती वाटत होती.

कापायचं काम आठ ते अकरा. अंगात जोर असतो तो तेवढाच. उंच स्टुलावर बसते, जड कात्री देऊन हलकी घेतली, इस्त्री मागच्या खोलीत हलवली. उकाडा वाढला की उजव्या डोळ्यापुढे धुकं येतं ना! अकरानंतर मी आडवी होते, आणि त्याला आळस म्हणायची मावशींचीही छाती नाही.

परवा पंखा बंद पडला, धुकं आलं, आणि आखायच्या खडूऐवजी टेबलावरचा तुझा खडू उचलून मी एका वकिलांच्या कोटाच्या कापडावर खुणा केल्या. मावशींना वास आला म्हणून कळलं. कापड धुऊन, वाळवून पुन्हा आखलं. त्या कोटाला जन्मात मुंगी लागणार नाही!

मापं कुठे आहेत?

लोभ होता तसाच ठेव, कीव नको.
तुझी ताई

ता. ५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. दोन वर्षं! मी माझ्या सर्दीच्या कहाण्या लिहीत होतो आणि तू काढे सुचवत होतीस. लाज वाटली गं मला.

आता माझं ऐक. दुकान मावशींच्या हवाली कर आणि कायमची इकडे ये. खालची खोली रिकामी केली आहे, एकही पायरी नाही. वकिलांच्या कोटाची तुला गंमत वाटली, मला घाम फुटला. उद्या खडूऐवजी कात्री चुकली तर? आणि माझ्या कोटाची काळजी सोड. काल मी तयार कोट विकत आणला. तुझ्या हाताला त्रास नको.

हो म्हण, मग लोभाचं बघू.
तुझा धाकटा

ता. १४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., पण आज त्यातले उत्तम थोडे कमी.

खोली रिकामी केलीस, भरून आलं. आठ दिवस पाहुणी म्हणून जरूर येईन. पण तो तयार कोट! दोन वर्षांत डॉक्टरांनी रडवलं नाही, सुयांनी रडवलं नाही, तू रडवलंस. मी कात्री खाली ठेवली नव्हती रे, तू माझ्या हातातून काढून घेतलीस.

तुझा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. त्या दुकानदाराला काय कप्पाळ कळणार? चूक माझी झाली, ती मी सुधारली. आता टेबलावर फक्त आखायचा निळा खडू असतो, आणि डोळ्यापुढे धुकं आलं की कात्री कपाटात. एक दिवस हात अजिबात ऐकेनासा होईल, तेव्हा दुकान मीच बंद करीन. पण तो दिवस मी ठरवणार, तू नाही.

मापं पाठव. पोट आत न ओढता.

लोभ आहे म्हणूनच एवढी बोलले.
तुझी ताई

ता. १ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल निरोपाचा कार्यक्रम झाला. तयार कोट मी तुला मापं पाठवली तेव्हाच परत केला होता. दुकानदाराने कारण विचारलं, मी म्हटलं डावा खांदा. तुझा कोट घालून आरशासमोर उभा राहिलो, तर दोन्ही खांदे सरळ एका रेषेत. बायको म्हणाली, पोटसुद्धा ताईंनीच आत ओढलेलं दिसतंय.

भाषणाचा कागद काढायला आतल्या खिशात हात घातला, तर हाताला आली तुझी चिठ्ठी आणि तिच्यात गुंडाळलेली मीच पाठवलेल्या खडूची कांडी. लिहिलंयस, मुंग्या वाढल्या तर आता लपवणार नाही, कळवीन. खडू पाठवू नकोस, तू ये. माझं भाषण तिथेच संपलं. सगळ्यांना वाटलं, सर शाळा सोडताना गहिवरले. वाटू दे.

मुंग्या वाढायची वाट मी बघणार नाही. आता मला सुट्टीच सुट्टी. सोमवारी येतोय, तुला न्यायला नाही. आठाच्या आत पोचेन, तुझ्या स्टुलाशेजारी माझ्यासाठी एक खुर्ची मांडून ठेव. तू कापड कापतेस ते मला अकरापर्यंत नुसतं बसून बघायचंय.

लोभ आहेच. कुठे अर्धा इंच कमी पडला असेल, तर तेवढा सांभाळून घे.
तुझा धाकटा