फोनला विचारलेलं दुखणं

३ मार्च
संडासात पुन्हा रक्त. लाल, ताजं. पाणी सोडून बाहेर आलो. ही म्हणाली, "आत झोप लागली होती की काय?" हसलो.

५ मार्च
फोनला विचारलं. तोंडाने बोलायची लाज वाटते ते टाइप तरी करता येतं! पहिला व्हिडिओ— मूळव्याध. दुसरा— कॅन्सर! तिसऱ्यात पांढऱ्या कोटातला एक गृहस्थ म्हणतो, कोमट लिंबूपाणी प्या, आतडी धुऊन निघतात, डॉक्टर हे सांगणार नाहीत.

प्यायलो. पोटात नुसतं ढवळतंय.

६ मार्च
आता फोन न विचारताच दाखवतो. क्रिकेटचा स्कोअर बघायला जावं, तर आतडी!

९ मार्च
बागेत निवृत्त पोस्टमास्तर भेटले. आडून विषय काढला— "आमच्या ओळखीच्या एकाला..." म्हणाले, "त्याला सांगा, तपासायला जाऊ नको. माझा मेहुणा चालत गेला. ऑपरेशनची सुरी लागली, कॅन्सर पसरला, आटोपला." तसाच बाकावर बसून राहिलो.

१० मार्च
रक्त आहेच. लिहवत नाही.

१२ मार्च
वाचनालयात ज्येष्ठांसाठी नर्सबाई आतड्याच्या कॅन्सरवर बोलणार होत्या. हिने ओढून नेलं. नर्सबाई म्हणाल्या, "सुरी लागून पसरत नाही. उशीर केला की पसरतं. काही त्रास नसला तरी या वयात तपासून घ्या." मान वर करवेना. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, लोकांवर ओरडलो— आवाज आला तेव्हाच का नाही बोलावलंत!

येताना जिन्यातच हिला सांगून टाकलं. ही मधल्या पायरीवर मटकन बसली. "इतके दिवस? मी काय परकी होते?" रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "उद्याच जायचं. मीही तपासून घेते. म्हणजे तुम्हाला एकट्याला लाजायला नको."

१३ मार्च
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजवर कुणाला विचारत होतात?" म्हटलं, "फोनला." हसल्या नाहीत. मला नळी घालून बघणार. हिला त्रास नाही, म्हणून नुसता डबीतून शौचाचा नमुना द्यायचा.

२० मार्च
नळी झाली. मूळव्याध! नुसती मूळव्याध! दवाखान्यातच हिचा हात धरून वेड्यासारखा हसलो. ही म्हणाली, "पुरे, लोक बघतायत."

२२ मार्च
हिच्या डबीत रक्त निघालं. डोळ्यांना न दिसणारं. सोमवारी हिला नळी. सकाळपासून एकच म्हणतेय— "अहो, पण मला तर काहीच होत नव्हतं!"